गेटवरची हाळी

माझा साडू त्या रात्री घरून निघाला तो वडिलांना सूप पोचवायला. बाकी काही नाही. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात छत्री, खिशात गाडीची किल्ली. नोव्हेंबरचा दुसरा बुधवार होता. पौर्णिमा होती, पण चंद्र कोणाला दिसला नाही, कारण सकाळपासून आभाळ खाली उतरलेलं होतं. तो निघाला तेव्हा सव्वादहा वाजले होते.

सूनबाई, तो बॅटरीचा दिवा जरा लांब ठेव, डोळ्यांवर येतो. आणि तू रे, आत्ताच दात काढू नकोस. "असलं किरकोळ वादळ काय करणार" असं तू मगाशी ज्या तोंडानं म्हणालास ना, अगदी त्याच तोंडानं माझा साडू म्हणाला होता. म्हणून तर आठवलं.

गोष्ट माझी नाही. माझी असती तर सांगितली नसती. माझा माझ्यावरच विश्वास नाही. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे काही सांगायला तोंड उघडलं की ते खोटं असण्याची शक्यता किती, हा हिशेब डोक्यात आधी सुरू होतो. साडूनं मला हे एकदाच सांगितलं, इस्पितळाच्या जिन्यात बसून. मधले दुवे मी जुळवलेत. कुठं चुकलं असेल तर ते माझं.

तर साडू. घरात सगळे त्याला साहेब म्हणतात आणि म्हणताना कोणीही तोंड सरळ ठेवत नाही. पालिकेत इंजिनिअर, गटारं आणि नाले त्याच्याकडे. समोर मी त्याला अहोजाहो करतो, पाठीमागे अरेतुरे. साडूंचं असंच असतं. नातं आपण निवडलेलं नसतं, आणि बायका बहिणी असल्यामुळे मोडताही येत नाही.

या माणसाला जगातल्या यच्चयावत गोष्टी तुच्छ. वरचे अधिकारी गाढव, हाताखालचे चोर, नागरिक अडाणी, आणि नदी म्हणजे 'जरा मोठा नाला'. वडिलांना तो 'जुनं मॉडेल' म्हणायचा. वडील त्याला 'आमचे गटारशास्त्री' म्हणायचे. खाण तशी माती. नाही, हसायला हरकत नाही. आत्ता हसून घ्या.

त्या दिवशी समुद्रावरून जे वादळ आलं ते खरोखरच दरिद्री होतं. दोन दिवस टीव्हीवाले किनाऱ्यावर रेनकोट घालून उभे होते, आपण उडून जाऊ या आशेवर. हवामान खातं म्हणत होतं 'कमी तीव्रतेचं'. पाचच्या सुमाराला ते किनाऱ्यावर चढलं. एका पेट्रोलपंपाचा फलक पडला, आणि तोसुद्धा म्हणे आधीपासूनच सैल होता. टीव्हीवाल्यांची तोंडं उतरली. साहेब तर दुपारीच एका वार्ताहराला सांगून बसला होता, "या वादळाला धड वारासुद्धा जमलेला नाही. खालच्या आळीनं उगाच बोचकी बांधू नयेत." फोटोसकट ती बातमी गावभर मोबाइलवर फिरली. फोटोत कमरेवर हात होते.

मी त्याला फोन केला. राहवेना. म्हटलं, "साहेब, कमी तीव्रता म्हणतात ती वाऱ्याची, पावसाची नाही. हे वादळ रेंगाळणारं आहे. वर डोंगरात ओतलंय ते सगळं रात्री नदीतून खाली येणार, आणि नेमकी त्याच वेळी पौर्णिमेची भरती नदीच्या तोंडाशी उभी राहणार. मग नदीनं जायचं कुठं?"

"प्रोफेसर," तो म्हणाला, "तुम्ही छत्री उशाला घेऊन झोपा."

मागे कोणीतरी खो खो हसलं. मी फोन ठेवला. आणि खरं सांगतो, मलाही वाटलं, आपलंच चुकत असेल. तो नाल्याकाठचा माणूस, मी फळ्यापुढचा.

वडील खालच्या आळीत राहायचे. नदीकाठच्या बांधाला लागून ती आळी. अरुंद दुमजली घरं, एकाला एक टेकलेली. म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडल्यापासून जिना बंद झाला होता, म्हणून खाट खालच्या खोलीत. बसतं करायलासुद्धा माणूस लागायचा, आणि देह असा की उचलायला दोन. संध्याकाळपर्यंत आळीतली बहुतेक माणसं वरच्या शाळेत जाऊन बसली. साहेबाची बातमी त्यांनी वाचली होती, पण नदीही त्यांनी पाहिली होती. म्हाताऱ्याकडे रात्री येणाऱ्या बाईनंही फोन केला, "साहेब, मला मुलं आहेत. मी निघाले."

"जा," साहेब म्हणाला. "पोहता येत नसेल तर लवकर जा."

मेव्हणी त्याच्या मागे लागली होती. "बाबांना आपल्याकडे घेऊन या. आपण उंचावर आहोत."

"आणि उद्या ऑफिसात काय सांगू? पळू नका म्हणून ज्यानं सांगितलं, त्याचाच बाप पहिला पळाला?"

"अहो, निदान घरातल्या घरात वर तरी न्या."

"त्यांना उचलायला दोन माणसं लागतात. उद्या बघू. आज मी सूप घेऊन जातो आणि तिथेच झोपतो. झालं समाधान?"

एवढ्यासाठी. बापाला हलवलं तर हसं होईल, एवढ्यासाठी. मी फार विचार केला आहे यावर. माणूस बुडायला फार पाणी लागत नाही.

आता ते गेट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खालच्या आळीमागून नाला येतो आणि बांधाला एक भोक ठेवलंय, त्यातून नदीत पडतो. त्या भोकावर लोखंडी गेट. नदी उतरलेली असली की गेट उघडं. गावातलं पावसाचं पाणी निघून जातं. नदी चढली की बंद. नाहीतर नदीच नाल्यातून उलटी गावात शिरते. पण बंद करायचं केव्हा, सगळी मेख तिथे. लवकर केलं तर गावाचं पाणी आत कोंडतं आणि आळी आपल्याच पावसात बुडते. उशिरा केलं तर आत येणाऱ्या पाण्याचा असा रेटा बसतो की गेट अर्ध्यातच अडकतं. मग बसा बोंबलत. म्हणून पाणी जाता जाता थबकतं, जातही नाही आणि येतही नाही, त्या घटकेला चाक फिरवायला घ्यायचं.

चाक वर, बांधावरच्या खोलीत. तिथून ते भोक दिसत नाही. म्हणून कामाची जुनी रीत अशी की एक माणूस चाकापाशी, आणि एक नदीच्या अंगानं पायऱ्या उतरून खाली. खालच्यानं पाण्यात काटकी टाकायची, ती कुठं जाते बघायचं आणि वर हाळी द्यायची. 'जातंय' म्हणजे बाहेर जातंय, स्वस्थ बसा. 'थांबलंय' म्हणजे चाक फिरवा. 'येतंय' म्हणजे... म्हणजे मग काही उरलं नाही.

खाली बसायचं हे काम बरीच वर्षं टिवल्याकडे होतं. टिवल्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. टिवल्याबावल्या करण्यात जन्म घालवला म्हणून पडलेलं. माणूस मोठा गुणी होता असं मी म्हणणार नाही. मेल्यावर सगळेच गुणी होतात. टिवल्या कामचुकार होता. पुष्कळदा वरच्याच पायरीवर सिगरेट ओढत बसायचा आणि न बघताच हाळी द्यायचा. हाळीसुद्धा कशी, तर नाकातून, कुत्सित, शेवट लांबवत, जणू ऐकणाऱ्यावर उपकार. "जातंऽऽय हो. जाऊन जाऊन जाणार कुठं?" साहेबाला तो आवाज म्हणजे अंगावर पाल. त्यात टिवल्या त्याला डिवचायचा, "साहेब, एकदा उतरून बघा की खाली. बूट काय, पुसता येतात."

साहेब कधी उतरला नाही. नोकरीत एवढी वर्षं झाली, त्या पायऱ्यांवर त्यानं पाय ठेवला नाही.

मग एका पुरात, या वादळाच्या बऱ्याच आधी, टिवल्या दोनदा 'जातंय' म्हणाला आणि गप्प झाला. चाकापाशी त्या रात्री साहेब होता. हाळी येईना, तेव्हा त्यानं वरूनच शिव्या घातल्या. झोपला असेल नाहीतर पळाला असेल, असं म्हणाला, अंदाजानं गेट लावलं आणि घरी जाऊन जेवला. सकाळी टिवल्या सापडला. बंद गेटाला बाहेरून टेकलेला.

चौकशीत साहेबानं सांगितलं, तो प्यायलेला होता. असेल. नसेलही. खाली उतरून कोणी पाहिलंय?

त्यानंतर हाळीवाल्याची जागाच रद्द झाली. पुलाखाली सेन्सर बसवला आणि नदीची पातळी मोबाइलवर दिसायला लागली. साहेब सगळ्यांना दाखवायचा. म्हणायचा, "याला सिगरेट लागत नाही आणि याला तोंड नाही."

हं. तर थर्मास घेऊन तो निघाला. निम्म्या वाटेवर ऑफिसातून फोन. "साहेब, नाल्याच्या गेटवर कोण आहे?"

कोणी नव्हतं. वादळ किनाऱ्यावर चढलं आणि संपलं, असं म्हणून साहेबानंच चाकवाल्याला सातला घरी पाठवलं होतं. तो म्हणाला, "आहे, आहे," आणि गाडी बांधाकडे वळवली. म्हटलं, जाता जाता एक नजर टाकू.

पाऊस सरळ पडत होता. वारा नावाला नाही. बांधावरच्या खोलीचं कुलूप काढलं, बल्ब लावला. मध्ये ते चाक, माणसाच्या छातीएवढं, ग्रीसनं काळं झालेलं. एक लोखंडी खुर्ची. गावाच्या बाजूला खिडकी, नदीच्या बाजूला दार, आणि दाराबाहेर त्या पायऱ्या. साहेबानं थर्मास खिडकीत ठेवला, मोबाइल उघडला. पातळी ठीक. धोक्याच्या खुणेच्या पुष्कळ खाली. गेट उघडंच होतं, ते तसंच राहू द्यायचं. त्यानं मेव्हणीला फोन लावला.

"संपलं बरं का तुमचं वादळ. तुझ्या बहिणीच्या यजमानांना सांग, म्हणावं छत्री मिटा."

आणि खालून आवाज आला.

"जातंऽऽय."

साहेबानं फोन बंद केला. त्याला वाटलं, ऑफिसनं कोणाला तरी पाठवलं असेल. परस्पर. न विचारता. तो चिडला. दारात गेला.

"कोण आहे रे खाली?"

काही नाही. पाऊस.

"कोणी पाठवलं तुला? टॉर्च का लावली नाहीस?"

"जातंऽऽय."

नाकातून. कंटाळल्यासारखं. साहेब आत आला, खुर्चीवर बसला, आणि त्यानं चाकवाल्याला फोन लावला.

"तू गेटवर आलायस का?"

"मी? मी घरी आहे साहेब. तुम्हीच म्हणालात ना, जा म्हणून."

"मग खाली कोण बसलंय?"

"खाली कोण बसणार? ती जागाच नाही आता."

"अरे, कोणीतरी हाळी देतंय!"

चाकवाल्यानं मागचा टीव्ही बंद केला. मग त्यानं विचारलं, "साहेब... आवाज कसा आहे?"

साहेबानं फोन कापला.

आवाज कसा आहे ते त्याला पहिल्याच हाळीला कळलं होतं. कळलं होतं आणि त्यानं ते मनात येऊ दिलं नव्हतं. मी त्याला दोष देत नाही. मीही येऊ दिलं नसतं. मी तर कानाच्या डॉक्टरकडे गेलो असतो.

बराच वेळ खाली शांत. तो बसून राहिला. बल्बभोवती किडे. मोबाइलवर पातळी ठीक.

मग...

"थांबलंऽऽय."

साहेब उठला. चाकापाशी गेला. सवयीनं. दोन्ही हात चाकावर ठेवले, आणि थांबला.

आता इथं ऐका, कारण गोष्ट इथंच आहे. मोबाइल सांगतोय, नदी खाली आहे. खालचा सांगतोय, पाणी थबकलं, लाव गेट. मोबाइलचं खरं असेल आणि गेट लावलं, तर गावाचं पाणी आत कोंडणार आणि पहिलं भरणार ते बापाचं घर. खालच्याचं खरं असेल आणि नाही लावलं, तरी पहिलं भरणार ते बापाचंच घर. खाटेवर म्हातारा. एकटा. कूस बदलता येत नाही.

काय करायला हवं होतं? सांग की. हो, बरोबर. खाली उतरून बघायचं. काटकी टाकायची. शाळेतल्या पोरालाही जमेल.

साहेब दारापर्यंत गेला. मोबाइलचा उजेड पायऱ्यांवर टाकला. पहिली पायरी ओली. दुसरी ओली. त्यापुढे उजेड जात नव्हता. तिथं कोणी दिसत नव्हतं. पण ओल्या सिगरेटचा वास आला. अगदी जवळून. आणि कोणीतरी अंग चोरून बाजूला सरकावं, वाट द्यावी... तसं काहीतरी झालं.

वाट दिली त्याला. उतर म्हणून.

साहेब उतरला नाही.

तो आत आला. दार लावून घेतलं. आणि इंजिनिअरच तो, विचार करू लागला. साहेब मला म्हणाला, "मी विचार केला, हा माणूस जन्मभर खोटं बोलला. न बघता हाळी दिली. आणि माझ्यावर तर त्याचा राग असणारच. तो थांबलंय म्हणतोय, म्हणजे थांबलेलं नसणार. मला फसवून गेट लावायला लावतोय. माझ्या बापाला बुडवायला."

म्हणजे कळलं का? भुतावर त्याचा विश्वास बसला. भुताच्या बोलण्यावर बसला नाही. मेलेल्या माणसालाही त्यानं कामचुकारच ठरवलं.

"थांबलंऽऽय."

साहेब खुर्चीवर बसला.

"थांबलंऽऽय, साहेब."

बसून राहिला. मोबाइल हातात. पातळी ठीक.

मग बराच वेळ... काही नाही.

मग त्याच्या लक्षात आलं. पातळीचा आकडा. मगासपासून तोच. सगळे आकडे तेच, दशांशासकट. नदी काही फोटो काढून घ्यायला उभी नव्हती. सेन्सर केव्हाच मेला होता, आणि मरताना शेवटचा आकडा तेवढा ठेवून गेला होता.

खालून आवाज आला. या वेळी लांबवलेला नव्हता. या वेळी त्यात नाक नव्हतं, चेष्टा नव्हती. फक्त एक शब्द. दाराला तोंड लावून बोलावं तसा.

"येतंय."

साहेबानं चाकावर झेप घेतली. फिरवलं. फिरलं. अजून फिरलं. मग खालून दणका बसला, अख्खी खोली हादरली, आणि चाक जागच्या जागी थांबलं. त्यानं अंग टाकलं. लोंबकळला. चाक हलेना. खिडकीतून बघितलं तर नाला उलटा वाहत होता. पाण्यावर कोणाच्या तरी दारातलं पायपुसणं आळीकडे निघालं होतं. सावकाश. घाई नसल्यासारखं.

तो धावला. गाडी तिथेच. छत्री तिथेच.

आळीच्या तोंडाशी पाणी पोटऱ्यांना. पुढं गुडघ्याला. पुढं मांड्यांना. दिवे गेले होते. घरं रिकामी. सगळी दारं बंद, आणि त्याच्या पाण्यातून चालण्याचाच काय तो आवाज. वडिलांच्या दाराशी पोचला तेव्हा कमरेपर्यंत आलं होतं. दार आतल्या पाण्यानं रेटलेलं. खांद्यानं ढकललं. उघडलं.

मोबाइलचा उजेड टाकला.

खाट पाण्याखाली. गादी वर तरंगत होती. उशी वेगळी. औषधांच्या डब्या वेगळ्या. गादीवर...

गादीवर कोणी नव्हतं.

त्यानं पाण्यात हात घातला. खाटेखाली. कपाटामागे. कोपऱ्यात. काहीतरी मऊ लागलं, ओढलं, तर चादर. पुन्हा हात घातला. साहेब मला हे सांगताना हाताकडे बघत होता. "बाबा!" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा असा ओरडला असेल. "बाबा!"

"ओरडू नकोस. तोंड आहे की भोंगा?"

वरून. जिन्याच्या वरून.

तो जिना चढला. वरच्या खोलीत म्हातारा आरामखुर्चीत बसलेला. पायांवर घोंगडी. कोरडा ठणठणीत. तोंडावर नेहमीची आठी.

"या, गटारशास्त्री. सूप आणणार होतात ना?"

साहेब दारातच खाली बसला. "बाबा... तुम्ही वर... कोणी आणलं?"

"तुझ्याच माणसानं."

"कुठल्या?"

"मला काय ठाऊक? तू काय मला तुझ्या माणसांची नावं सांगतोस? वाळकुडा होता. मला डोळा लागला होता, तो आत कसा आला ते बघितलं नाही. काखेत हात घातले आणि उचललं की रे मला, एकट्यानं! तोंडाचा पट्टा सारखा चालू. जिना चढताना मला म्हणतो, आजोबा, हे वजन तुमचं की चिरंजीवांच्या तोऱ्याचं?"

साहेबानं विचारलं, "केव्हा आला होता?"

"केव्हाचा. तेव्हा खाली पाण्याचा टिपूस नव्हता. मी म्हटलं, अरे, पाणी कुठाय? मला कशाला हलवतोस? तर म्हणाला, थांबलंय आत्ता."

साहेबानं जिन्याकडे बघितलं.

"मी म्हटलं, थांबलंय तर साहेब गेट लावतील. त्यांचंच काम आहे ते. तर हसायला लागला. म्हणाला, साहेब ना? साहेब चाकाला हात लावायचे नाहीत. मी सांगतोय ना थांबलंय म्हणून, म्हणूनच लावायचे नाहीत. आणि खाली उतरून बघायचे तर मुळीच नाहीत. मी ओळखतो त्यांना."

खाली पाणी जिन्याच्या पायऱ्यांना लागत होतं. तेवढाच आवाज.

"उद्धट आहे रे फार," म्हातारा म्हणाला. "पण तुझ्यापेक्षा बरा. आला तरी."

साहेबानं त्याला कधीच सांगितलं नाही, तो कोण होता ते. काय सांगणार? म्हातारा पुढं कितीतरी दिवस विचारायचा, त्याचा पगार वाढवलास की नाही. पहाटे होडी आली, दोघांना उतरवलं. थंडी बाधली म्हणून म्हाताऱ्याला इस्पितळात ठेवलं, तिथं मी भेटायला गेलो आणि तिथल्या जिन्यात हे सगळं ऐकलं. खालची आळी आठवडाभर चिखलात होती. कोणी दगावलं नाही, कारण कोणी साहेबाचं ऐकलं नव्हतं. चौकशी झाली. ठपका सेन्सरवर आला. सेन्सर काही बोलला नाही. साहेबाला दुसऱ्या खात्यात पाठवलं, आणि आता तो तिथल्या लोकांना तुच्छ मानतो म्हणतात. पण पूर्वीसारखं जमत नाही त्याला. मधेच गप्प होतो. कान देतो.

म्हणशील, कोणीतरी शेजारी असेल. मीही तेच म्हटलं. आळीतला कोणी धट्टाकट्टा, जाता जाता म्हाताऱ्याला वर ठेवून गेला असेल. झोपेतला म्हातारा, काय ऐकलं नि काय जुळवलं. ही शक्यता मोठी आहे. मी मांडून बघितली. मी शाळेत जाऊन आळीतल्या माणसांनाही विचारलं. कोणी हो म्हणालं नाही. पण कोणी हो म्हटलं नाही म्हणून कोणी नव्हतंच असं होत नाही. खरंय तुझं.

फक्त एक सदरा आहे.

त्या रात्री म्हाताऱ्याच्या अंगात होता तो. पांढरा, साधा. इस्पितळात नर्सनं उतरवून मेव्हणीच्या हातात दिला. सगळा कोरडा होता. फक्त दोन्ही काखांखाली, बरगड्यांवर येईल असा, एकेक पंजा उमटलेला. पाच बोटं. ओली. मेव्हणीनं धुतला, वाळत घातला. सदरा वाळला. पंजे नाही वाळले. पुन्हा धुतला. उन्हात टाकला. इस्त्री फिरवली, तर चर्र आवाज आला.

म्हातारा गेल्या वर्षी गेला, अंथरुणातच, साहेबाला नावं ठेवत. सदरा मेव्हणीनं टाकला नाही. मागच्या खोलीत खुंटीला आहे. साहेब त्या खोलीत जात नाही.

मी गेलो होतो. मे महिन्यात. भर दुपारी, माती तडकेल असं ऊन. तिला म्हटलं, दाखव. मी भिंत बघितली, ओल नव्हती. खुंटी बघितली. वर छत बघितलं. सदरा इतका कडक वाळलेला की उभा राहील. आणि ते दोन पंजे...

हात लावला मी. थंड होते.

आणि खाली, बरोबर त्यांच्याखाली, फरशीवर थोडं पाणी साचलेलं. मेव्हणी म्हणाली, रोज पुसते. सदरा एवढ्या वेळा धुतलाय. स्वच्छ पाण्यात. साबणानं.

फरशीवरचं पाणी गढूळ होतं.